कष्टाचे चीज आणि कष्टाची आठवण

घरातली वडीलधारी बाई गेली की तिच्या पहिल्या पुण्यस्मरणाला छोटी स्मरणिका छापण्याची रीत आता विदर्भातल्या तालुक्याच्या गावांतही रुळली आहे. मुखपृष्ठावर हार घातलेले छायाचित्र, आत मुलांचे, सुनांचे, नातवंडांचे लेख, मधूनमधून तिच्या आवडीचे एखादे भजन आणि शेवटी व्यवसायबंधूंच्या जाहिराती. हिंगणघाट, वर्धा, पुलगाव या पट्ट्यातल्या अशा पुस्तिका अधूनमधून आमच्या हाती येतात. त्यांतही जी घराणी बाहेरून येऊन येथे रुजली, म्हणजे कोणी मारवाडातून, कोणी गुजरातेतून, कोणी फाळणीनंतर सिंधमधून, त्यांच्या पुस्तिकांमध्ये एक वाक्य थोड्याफार फरकाने हटकून असतेच. आईने परमुलखात येऊन अपार कष्ट उपसले आणि त्या कष्टांचे चीज झाले, असे ते वाक्य. त्यामागच्या मायेविषयी शंका घेण्याचे आम्हांस कारण नाही. तरी आमचे या लेखातले म्हणणे त्या वाक्यातल्या उत्तरार्धाविषयीच आहे.

'चीज झाले' या दोन शब्दांत कष्टांचा सारा हिशेब आटोपतो. मुलगे शिकले, दुकानाच्या दोनाच्या चार पेढ्या झाल्या, नातवंडे परदेशी गेली, म्हणून आजीचे कष्ट सार्थ ठरले. म्हणजे कष्ट हे भांडवल आणि कुटुंबाची भरभराट हे त्यावरचे व्याज! व्यापारी घराला ही भाषा शोभूनही दिसते. पण मग ज्या बाईने तितकेच कष्ट उपसले आणि जिच्या हाती काहीच लागले नाही, तिचे काय? तिची स्मरणिका निघत नाही. कारण ती काढायला मागे कोणी उरलेले नसते, आणि उरले असले तरी त्यांच्या गाठी छपाईचे पैसे नसतात. थोडक्यात, आपण कष्टांची आठवण फळावरून ठरवतो. साहित्याने मात्र तसे करू नये, आणि साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी तर मुळीच करू नये, असे आमचे मत आहे.

हे मत हिंगणघाटच्या निमित्ताने मांडावेसे वाटले याला कारण आहे. वणा नदीकाठचे हे गाव स्थलांतरितांनी घडवलेले आहे. एकोणिसाव्या शतकात येथल्या कापसाचा इतका बोलबाला होता की व्यापारात 'हिंगणघाट' हे कापसाच्या एका जातीचेच नाव होऊन बसले होते. १८६७ साली मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपूरपर्यंत पोचला आणि पुढच्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्याच्या कोळशाकडे जाणारा फाटा निघाला. ज्या गावाला कापूस होता त्या गावाला आता आगगाडीही आली. मग बिकानेरच्या डागा घराण्याची, राय बहादूर बन्सीलाल अबीरचंद यांच्या नावाची गिरणी उभी राहिली. मागाहून मोहोता घराण्याची आली. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले. भांडवल घेऊन मारवाडी आले, आणि गिरणीच्या भोंग्यामागे आजूबाजूच्या खेड्यांतून, दूरच्या जिल्ह्यांतून मजूरही आले. पेढीवर बसणारा आणि रुईच्या धुळीत उभा राहणारा, दोघेही या गावाला नवखेच.

स्थलांतराच्या बहुतेक हकिकती पुरुषांच्या असतात. लोटा-दोरी घेऊन निघालेला तरुण, ओळखीच्या पेढीवर मुनिमी, मग स्वतःचे दुकान, हा साचा आपल्या परिचयाचा आहे. मारवाडी माणूस व्यापाराच्या परमुलखाला 'दिसावर' म्हणतो आणि आपल्या गावाला 'देस'. पहिल्या पिढीतले कित्येक पुरुष दिसावरात सामायिक जेवणघरावर, म्हणजे 'बाशा'वर जेवत आणि बायका मागे देसातच राहत. पुरुष आला तेव्हा पेढी आली. घर आले ते बाई आली तेव्हा. हा फरक साधा दिसतो, पण त्यातच सगळे आहे. जोवर बाई आलेली नाही तोवर माणूस परत जाणारा असतो. ती आली, तिने चूल मांडली, बाजरीच्या हाताला ज्वारीच्या भाकरीची सवय केली, पाणी कुठे गोडे आणि कुठे मचूळ हे जाणून घेतले, घरात मारवाडी आणि दारात वऱ्हाडी अशी दुहेरी जीभ कमावली, म्हणजे मग ते घराणे या मातीचे होते. स्थलांतर पुरुषाच्या पायांनी सुरू होत असेल, पण ते पुरे होते बाईच्या हातांनी. पेढीच्या वहीत मात्र या साऱ्या उद्योगाला एकच ओळ मिळते, घरखर्चाची. आणि ती ओळही नावे टाकलेली असते, जमेकडे नव्हे.

या संदर्भात ज्या स्त्रीची आठवण व्हावी ती हिंगणघाटपासून फार दूर नव्हती; वर्ध्यालाच होती. जानकीदेवी बजाज यांचा जन्म १८९३ साली माळव्यातल्या जावऱ्याला झाला. आठव्या वर्षी लग्न झाले आणि १९०२ साली त्या वर्ध्याला सासरी आल्या. मुलगी नऊ वर्षांची, जावऱ्याहून वर्धा म्हणजे मुलूख वेगळा, भाषा वेगळी, आणि घर शेठ बच्छराज यांच्यासारख्या नामांकित कापूस-व्यापाऱ्याचे. त्यानंतर १९७९ साली देहावसान होईपर्यंत सुमारे पाऊणशे वर्षे त्यांचे घर वर्ध्यालाच राहिले. पाऊणशे वर्षे एका गावात राहिलेल्या बाईला बाहेरची म्हणावे काय, हा प्रश्न कोणाला पडेल. पण पुढे त्याकडे वेगळ्या अंगाने यावे लागणार आहे.

जानकीदेवींची जी ओळख पाठ्यपुस्तकांतून आणि गौरवग्रंथांतून आपल्यापर्यंत पोचते ती त्यागाची आहे. त्यांनी सोन्याचे दागिने सोडले, १९१९ मध्ये पडदा सोडला, १९२१ मध्ये विदेशी वस्त्रे जाळून खादी पत्करली. हे सारे खरे आणि थोरच आहे. कडक पडद्यात वाढलेल्या मारवाडी सुनेने भरल्या सभेत तोंड उघडे ठेवून उभे राहणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पण या यादीकडे बारकाईने पाहिले तर लक्षात येते की तिच्यात 'सोडले' हेच क्रियापद पुन्हा पुन्हा येते. बाईने काय सोडले ते आपण मोजतो, काय केले ते मोजत नाही. श्रीमंत बाईचा गौरव करायचा तर तिला त्यागमूर्ती म्हणायचे आणि गरीब बाईचा करायचा तर कष्टाळू, सोशिक म्हणायचे, अशी आपली विशेषणांची वाटणी आहे. दोन्ही विशेषणांचे काम एकच: बाईने प्रत्यक्षात काय केले याची चौकशी तिथेच थांबवणे.

आता त्यांनी केले काय, ते पाहू. जुलै १९२८ मध्ये वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले झाले. हे मंदिर बजाज घराण्याचे. या प्रवेशाच्या कामी विनोबांच्या बरोबरीने जानकीदेवी होत्या. मंदिर उघडल्यावर जातभाईंचा रोष येतो तो बाहेर पुरुषाच्या वाट्याला भाषणांतून येतो आणि घरात बाईच्या वाट्याला रोजच्या व्यवहारातून. कोण पंगतीला बसेल, कोण नाही, कोणाकडचे लग्नाचे बोलावणे येईल, कोणाकडचे थांबेल, सोयरीक कोठे जुळेल, याचा हिशेब स्वयंपाकघरात होतो. १९३२ मध्ये त्यांना तुरुंगवास घडला. घरी लहानमोठी पाच मुले होती. १९३४ पासून गांधीजींचा मुक्काम वर्ध्याला आणि मग १९३६ पासून सेवाग्रामला आला. देशभरातले नेते, कार्यकर्ते, हौशे-गवशे यांची रीघ वर्ध्याला लागली. ही माणसे कोठे उतरत, काय जेवत, आजारी पडल्यावर त्यांना कोण बघे, हे राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात बारीक टाइपात येते. यजमानपद हे काम आहे, आणि जबाबदारीचे काम आहे, असे म्हणायची आपल्याला अजून सवय नाही.

११ फेब्रुवारी १९४२ रोजी जमनालालजी गेले. जानकीदेवींचे वय तेव्हा ४९ वर्षांचे. आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे एवढ्या मोठ्या घरातल्या विधवेने देवघरात बसावे आणि मुलांनी कारभार बघावा. कारभार मुलांनी पाहिलाही. पण या बाई देवघरात बसल्या नाहीत. पतीच्या शेवटच्या दिवसांतले काम गोसेवेचे होते. त्या अखिल भारतीय गोसेवा संघाच्या अध्यक्ष झाल्या आणि अनेक वर्षे राहिल्या. पुढे विनोबांच्या भूदान चळवळीत पडल्या, तेव्हा त्या साठीच्या उंबरठ्यावर होत्या. भूदानाच्याच जोडीने कूपदान म्हणजे विहिरींचे दान निघाले. ज्याला जमीन मिळाली त्याला पाणी नसेल तर जमीन कोरडीच. त्या कूपदानासाठी जानकीदेवी हिंडल्या, लोकांकडे विहिरी मागत राहिल्या. १९५६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले.

या विहिरींपाशी थोडे थांबावेसे वाटते. जमनालालजींचा जन्म १८८९ चा, सीकर भागातल्या काशी का बास या खेड्यातला. ते बच्छराजांच्या घरात आले ते दत्तक नातू म्हणून, चार-पाच वर्षांचे असताना. त्यांच्या चरित्रांतून येणारी हकिकत अशी: बच्छराज आणि त्यांच्या पत्नी सद्दीबाई त्या खेड्यात गेल्या असता सद्दीबाईंच्या मनात तो मुलगा भरला, त्यांनी त्याच्या आईकडे, बिरदीबाईंकडे, तो मागितला आणि बोलण्याबोलण्यात तिच्या तोंडून होकार गेला. दिलेला शब्द मग माघारी घेता आला नाही. मुलाच्या बदल्यात आईबापांनी धन घेतले नाही. गावाला पाण्याचे दुर्भिक्ष होते, तेव्हा बच्छराजांनी गावात विहीर बांधून दिली.

ही हकिकत बहुतेक ठिकाणी जमनालालजींच्या भाग्योदयाचा पहिला अध्याय म्हणून सांगितली जाते. ती जरा उलट्या बाजूने वाचून पाहावी. यात दोन बाया आहेत. एकीने मूल मागितले, कारण परमुलखात उभ्या केलेल्या घराला पुढे चालवायला कोणी हवे होते. दुसरीने मूल दिले आणि त्याच्या जागी गावाला पाणी मिळाले. एका घराण्याच्या स्थलांतराची किंमत दोन बायांच्या बोलण्यात ठरली आणि ती विहिरीच्या रूपाने चुकती झाली. बजाज घराण्याचा पुढचा सारा विस्तार या व्यवहारावर उभा आहे. तो रक्ताच्या वंशावळीतून आलेला नाही. ज्या दोन बायांनी तो शक्य केला त्यांची नावे चरित्रांच्या पहिल्या काही पानांनंतर दिसेनाशी होतात. अर्धशतक उलटल्यावर त्याच घराची सून परक्या गावांसाठी विहिरी मागत हिंडते. या दोन विहिरींमध्ये कोणी मुद्दाम धागा जोडला होता असा आमचा दावा नाही. पण वाचकाने तो जोडून पाहायला हरकत नसावी. घराण्याचा इतिहास पुरुषांच्या पेढ्यांवरून न लिहिता पाण्यावरून लिहिला तर त्याचे नायक वेगळेच निघतील.

आता मघाचा प्रश्न. जानकीदेवींचे आत्मकथन उपलब्ध आहे. 'मेरी जीवन यात्रा' हे त्याचे नाव. ते हिंदीत आहे. आपल्या अभ्यासक्रमांत मराठी स्त्रियांच्या आत्मचरित्रांची एक ठरलेली पंगत असते. रमाबाई रानडे यांच्या आठवणी (१९१०) आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पहिल्या मानाने. मग पुढे १९८६ मध्ये आलेली बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आणि शांताबाई कांबळे यांची 'माज्या जल्माची चित्तरकथा' ही दोन, आणि ऊर्मिला पवारांचे 'आयदान' (२००३). ही पंगत मोलाची आहे आणि ती हळूहळू का होईना रुंदावली याचा आनंद आहे. पण वर्ध्यात पाऊण शतक काढलेली बाई तिच्यात बसत नाही, कारण ती लिहिते ती हिंदी. आणि हिंदीच्या अभ्यासकांना वर्धा हे गाव मुख्यतः गांधीजी आणि राष्ट्रभाषेचे काम यांपुरते माहीत. स्थलांतरित घरातली बाई अशी दोन भाषांच्या बांधावर राहते, आणि बांधावरचे पीक दोघांपैकी कोणीच आपले म्हणून कापत नाही.

यावर कोणी म्हणेल, मराठीत न लिहिलेले मराठीच्या इतिहासात कसे घालणार? प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर एवढेच की मराठी भाषेचा इतिहास आणि मराठी मुलखाच्या जगण्याचा इतिहास या दोन गोष्टी आहेत, आणि साहित्य शिकवताना आपण दोन्ही शिकवत असतो. 'स्मृतिचित्रे' शिकवताना आपण भाषेचा खेळकरपणा शिकवतो आणि सोबत नाशिक-नगरकडचे एक मोडणारे-जुळणारे घरही शिकवतो. मग वर्ध्याच्या कापूसपट्ट्यातले घर शिकवताना त्या घराची स्वतःची भाषा हिंदी निघाली म्हणून दार लावून का घ्यावे? शेजारी ठेवून वाचायला तर परवानगी लागत नाही.

येथवर ज्या घराविषयी बोललो तेथे कष्टांचे चीज झाले होते. आता ज्या घरात ते झाले नाही तिकडे वळू. हिंगणघाट म्हटले की बाहेरच्या माणसाला बाबा आमटे आठवतात. त्यांचा जन्म तेथला, १९१४ चा. त्याच गावात १९३१ साली जन्मलेल्या आणखी एका माणसाचे नाव गावाबाहेर तितके घेतले जात नाही. ते म्हणजे उद्धव ज. शेळके. पुढे पोटासाठी त्यांनी ढीगभर लोकप्रिय कादंबऱ्या लिहिल्या, आणि त्या ढिगाखाली त्यांचे खरे काम काही काळ झाकले गेले. परंतु १९६० साली आलेली त्यांची 'धग' ही कादंबरी मराठीत राहील. तिची नायिका कौतिक ही शिंप्याच्या घरची बाई. नवरा महादेव, हाताला यश नसलेला आणि मनाने खचलेला. आपल्या माणसांपासून तुटून वेगळी चूल मांडलेले हे कुटुंब. शिवणकामावर पोट भरत नाही म्हटल्यावर कौतिक शेतात मजुरीला जाते आणि घर ओढते. मग महादेवला महारोग होतो.

बाबा आमटे आणि उद्धव शेळके, एकाच गावचे दोघे. एकाने महारोग्यांसाठी आनंदवन उभारले. दुसऱ्याने तो रोग एका गरीब घरात शिरल्यावर त्या घरातल्या बाईचे काय होते ते लिहिले. दोन्ही कामे आपापल्या जागी मोठी आहेत. पण पहिल्या कामाला फळ दिसते, दुसऱ्यात तसे काही दाखवता येत नाही. कौतिकचा संसार तिच्या डोळ्यांदेखत मोडतो. तिने कष्टांत कसूर केली म्हणून मोडतो असेही नाही. तिच्या कष्टांत आणि जानकीदेवींच्या वा एखाद्या मारवाडी आजीच्या कष्टांत प्रतीचा फरक दाखवता येणार नाही. फरक आहे तो पाठीशी काय होते त्याचा. एकीकडे जातभाईंचे जाळे होते, पेढीची पत होती, हुंडी वटत होती. दुसरीकडे सुई-दोरा आणि दोन हात.

येथेच 'चीज झाले' या वाक्याचा खोटेपणा उघडा पडतो. भरभराट कष्टांमुळे होते असे म्हटले की भरभराट न झालेल्यांनी कष्ट केले नसावेत असा अर्थ मागील दाराने आत येतो. बाहेरून आलेल्या यशस्वी घराण्यांचे कौतुक करताना 'बघा, ते कुठून आले आणि कुठे पोचले' हे जे आपण स्थानिकांना ऐकवतो त्यात हाच अर्थ असतो. ते त्या घराण्यातल्या आजीवरही अन्याय करणारे आहे. कारण तिच्या श्रमांचे मोल मग पेढीच्या ताळेबंदावर टांगले जाते. उद्या पेढी बुडाली तर तिचे कष्टही बुडाले काय? आणि हिंगणघाटला हा प्रश्न पुस्तकी नाही. बन्सीलाल अबीरचंद गिरणी १९७४ च्या कायद्याने आजारी गिरण्यांच्या यादीत जाऊन सरकारी वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली. ज्या दिवशी ती आजारी ठरली त्या दिवशी तेथे राबलेल्या बायांचे आधीच्या वर्षांतले काम काही रद्द झाले नाही.

'धग'ची थोरवी आम्हांस यात वाटते की शेळके कौतिकला विशेषण लावत नाहीत. ती कष्टाळू आहे, सोशिक आहे, थोर आहे असे निवेदक सांगत बसत नाही. तिची वऱ्हाडी बोली, तिचा फटकळपणा, पैशाची तिची मोजदाद, नवऱ्यावरची तिची चीड आणि त्याच चिडीच्या पोटातली माया हे सारे प्रसंगांतून येते. ती चुकते, कठोर होते, क्वचित अन्यायही करते. म्हणून ती स्मरणिकेतली आई होत नाही आणि म्हणूनच ती लक्षात राहते. आपल्याकडे मातृभक्तीचे लेखन विपुल आहे. 'श्यामची आई' (१९३५) वाचून घरोघर डोळे ओले झाले आहेत, आणि ते पुस्तक ज्या कामासाठी लिहिले ते काम त्याने चोख केले. पण आई मुलाला काय शिकवते हा एक प्रश्न झाला. आई दिवसभरात काय करते हा दुसरा. पहिल्या प्रश्नाची उत्तरे मराठीत भरपूर आहेत. दुसऱ्याची मोजकी, आणि त्यांत 'धग' वरच्या जागी आहे.

कौतिकला निदान कादंबरीकार मिळाला. ज्यांना तोही मिळाला नाही त्या बाया कापसाच्या वाटेवर पावलोपावली आहेत. शेतात सीतादहीची पूजा करून वेचणीला सुरुवात होते ती बायांच्या हातांनी. वेचणीची मजुरी वजनावर, म्हणून हाताचा वेग हीच पुंजी. आणि वाळलेल्या बोंडांच्या टोकांनी बोटे सोलवटली की वेग मंदावतो. पुढे जिनिंगमध्ये रेच्यांवर कापूस घालायला बाया, धुळीत उभ्या. सरकी एकीकडे, रुई एकीकडे. या कामाचे दिवस हंगामी, आणि हंगामी म्हणून कायद्याच्याही बाहेर. १८९१ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांचा कामाचा दिवस ११ तासांवर आणला, पण वर्षातून चार महिन्यांहून कमी चालणाऱ्या कारखान्यांना तो लागू नव्हता. ते कायद्याच्या कक्षेत आले १९११ मध्ये. त्या कायद्याने बायांना रात्रीच्या कामाची बंदी केली, तेव्हाही कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगला मोकळीक ठेवली. म्हणजे ज्या कामात बाया मोठ्या संख्येने होत्या नेमके तेच काम सवलतीचे! या बायांपैकी कित्येक जणी पोटामागे गाव सोडून आलेल्या होत्या. त्याही आपापल्या घरांतल्या कर्त्या बाया होत्या. घरातली वडीलधारी म्हणजे पदर सावरून झोपाळ्यावर बसलेली, कमरेला किल्ल्या असलेली हे चित्र एका वर्गाचे आहे. दुसऱ्या वर्गात ती रात्रपाळीहून येऊन भाकरी थापणारी असते.

येथे एक आक्षेप आम्ही गृहीत धरतो. जानकीदेवींसारख्या संपन्न घरातल्या बाईला आणि जिनिंगच्या मजूर बाईला एका लेखात बसवणे म्हणजे वर्गभेदावर पांघरूण घालणे नव्हे काय? आमचे म्हणणे नेमके उलट आहे. वेगवेगळ्या पुस्तकांत ठेवले म्हणजे तो भेद दिसतच नाही. एक गौरवग्रंथात जाते, दुसरी कामगार खात्याच्या अहवालात, आणि आपण दोघींना ओळखतो असे आपल्याला वाटत राहते. शेजारी ठेवल्यावर मात्र दिसते की एकीच्या दारात विहीर होती आणि दुसरीला घागर घेऊन जावे लागे. आणि हेही दिसते की दोघींच्या श्रमांची नोंद दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर झाली आहे. भेद आणि साम्य दोन्ही एकाच नजरेत येणे, हेच तर वाङ्मयीन वाचनाचे काम.

मग वर्गात काय करावे? आमची सूचना फार मोठी नाही. घरातल्या वडीलधाऱ्या बाईविषयी लिहा असे सांगितले की विद्यार्थी विशेषणांनी वही भरतात. त्यात त्यांचा दोष नाही, आपणच त्यांना तसे नमुने दिले आहेत. एकदा विशेषणे मना करून पाहावे. ती उठायची किती वाजता? पाणी कुठून आणायची? कामाचे पैसे कोणाच्या हातात पडत आणि ती ते कुठे लपवून ठेवायची? बाहेरून आलेली असली तर आधी कोणती भाषा बोलायची आणि कोणत्या भाषेत रडायची? या गावातला पहिला शब्द तिने कोणाकडून घेतला? कोणते काम तिला आवडायचे, कोणत्याचा तिटकारा होता? आणि घराचे बरे चालले नाही त्या वर्षांत ती काय करत होती? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण स्मरणिकेत ती वर्षे वगळलेली असतात. हिंगणघाट-वर्ध्याकडच्या महाविद्यालयांत मारवाडी, सिंधी, तेलुगू, छत्तीसगढी बोलणाऱ्या घरांतली मुले आहेत. त्यांनी आपल्या आज्यांची उत्तरे ज्या भाषेत मिळतील त्या भाषेत लिहून आणावीत. मराठीच्या प्राध्यापकांनी ती तशीच ठेवून घ्यावीत, शुद्ध करू नयेत.

हे निकडीचे का, तेही सांगितले पाहिजे. जानकीदेवींच्या पिढीतल्या बायांना सांगता आले असते असे जे काही होते ते आता पुस्तकांत असेल तेवढेच. त्यांच्या सुनांची पिढीही बहुतेक सरली. ज्यांना जिनिंगमधली जुनी पाळी आठवते, फाळणीनंतरचा आगगाडीचा प्रवास आठवतो, अशा बाया आता मोजक्या आहेत आणि त्यांना कोणी विचारत नाही, कारण त्यांच्या मुलांना वाटते की यात सांगण्यासारखे काय आहे? सगळ्याच बाया राबत. हे 'सगळ्याच राबत' म्हणजे 'चीज झाले'चे जुळे भावंड आहे. एकाने यशस्वी घरातली बाई तिच्या यशात विरघळते, दुसऱ्याने अयशस्वी घरातली बाई गर्दीत.

असो. वर ज्या तीन घरांविषयी बोललो त्यांपैकी एकाची मालकीण आपले चरित्र मागे ठेवून गेली, दुसऱ्या घराला कादंबरी लाभली, तिसऱ्याचे फक्त कायद्यातले अपवाद उरले. तिसऱ्या घराविषयी लिहिणारे उद्या कोणी निघाले तर ते ज्यांना आज आपण शिकवतो त्यांच्यातूनच निघेल. त्यांनी लिहावे आणि लिहिताना कष्टांचे चीज झाले की नाही हा प्रश्न विचारू नये. कष्ट झाले होते, एवढे लेखनाला पुरेसे कारण आहे.